स्वयंचलित गिअरपेटीची कैफियत

वारणेच्या खोऱ्यात, पन्हाळा तालुक्याच्या उत्तर अंगास वसलेल्या कोडोलीत मोटारदुरुस्तीची विद्या रुजली ती ट्रॅक्टर, ट्रक आणि जीप यांच्या आश्रयाने. वारणानगरचा साखर कारखाना अगदी शेजारी. हंगाम सुरू झाला की उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांची रस्त्यावर रीघ लागते. दक्षिणेस जोतिबाचा डोंगर आणि त्यापलीकडे पन्हाळा. अशा मुलखात क्लचप्लेट झिजणे, गिअर अडकणे, चढावर गाडी दम टाकणे ही रोजची गाऱ्हाणी, आणि ती निवारण्यात इथल्या मिस्त्रींचे कसब वादातीत आहे. तथापि ज्या गाडीत क्लचचे पेडलच नाही अशी पंधरा-वीस वर्षांची ऑटोमॅटिक मोटार गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, की हेच कसबी हात क्षणभर थबकतात. निवृत्तीनंतर पुण्या-मुंबईहून गावी परतलेल्या गृहस्थाने बरोबर आणलेली, किंवा गुडघेदुखीच्या कारणास्तव जुन्या गाड्यांच्या बाजारातून मुद्दाम निवडलेली ती गाडी. तिचा गिअर वेळेवर पडेनासा झाला, की ‘बॉक्स गेला’ असा निकाल बहुधा बॉनेट उघडण्यापूर्वीच दिला जातो.

चौकशीवाचून दिलेला हा निकाल मला अन्यायाचा वाटतो. गिअर नीट न बदलण्याच्या कितीतरी तक्रारींचे मूळ पेटीच्या पोटात नसून तिच्या तेलात, तारेत, केबलीत किंवा थेट इंजिनात असते; ते शोधण्याचा क्रम ठरलेला आहे, आणि त्या क्रमाने जाण्यास लागणारी बहुतेक साधने कोडोलीतही मिळतात.

या यंत्राचा वंश मोटारीहून निराळ्या घराण्यातला आहे. १९०५ साली हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे पोचवणाऱ्या जोडाचे पेटंट घेतले, ते जहाजांसाठी. टर्बाइनचा प्रचंड वेग आणि जहाजाच्या पंख्याची संथ गती यांचा मेळ घालणे हा त्याचा हेतू होता. ती कल्पना मोटारीत घाऊक प्रमाणावर उतरली १९३९ मध्ये, जेव्हा अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीसाठी ‘हायड्रामॅटिक’ ही चार गतींची पेटी जाहीर केली. तिच्यामागचा प्रमुख अभियंता अर्ल थॉम्प्सन. हाताने गिअर टाकताना होणारा दात्यांचा खडखडाट शमवणारी सिंक्रोमेशची रचनाही त्याचीच. कोल्हापूरकरांना या इतिहासाचा एक दूरचा दुवा दरवर्षी दसरा चौकात दिसतो. छत्रपती राजाराम महाराजांच्या वेळची जी मेबॅक मोटार शाही दसऱ्याला आजही निघते, तिच्या कंपनीचे ठाणे बोडन सरोवराकाठच्या फ्रीड्रिशहाफेन या गावी होते. आणि स्वयंचलित गिअरपेट्या करणाऱ्या जगातल्या अग्रगण्य कारखान्यांपैकी एक, झेडएफ, हाही १९१५ साली त्याच गावी, झेपेलिन विमाननौकांचे दाते कातण्यासाठी निघाला.

आपल्याकडे क्लच-पेडलविरहित मोटार सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून. परंतु तिच्यातील एएमटी ही मूळची हाताच्या गिअरचीच पेटी असून क्लच दाबण्याचे आणि गिअर सरकवण्याचे काम तेवढे एक यंत्र करते. जुन्या ऑटोमॅटिकचे तसे नाही. तिथे इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचे तेलाने भरलेले बंद पात्र असते. त्यात इंजिनाशी जोडलेले पात्यांचे चक्र तेल भिरकावते, त्या झोताने समोरचे चक्र फिरू लागते, आणि मधले स्टेटर नावाचे तिसरे चक्र परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून गाडी सुटतेवेळी इंजिनाचा पीळ सुमारे दुपटीपर्यंत वाढवते. त्यापुढे बहुतेक गाड्यांत ग्रहमालेच्या पद्धतीचे दाते: मध्ये सूर्यचक्र, भोवती ग्रहचक्रे, बाहेर आतून दाते असलेले कडे. यांतले कोणते जखडायचे आणि कोणते मोकळे सोडायचे यावर गिअर ठरतो. जखडण्याचे काम कागदासारख्या तंतुमय अस्तराच्या क्लचप्लेटी करतात, आणि त्या प्लेटींना दाबणारे बळ तेलाचेच. जुन्या पेट्यांत गाडीच्या वेगाचा दाब आणि ॲक्सिलरेटरचा दाब एकाच वॉल्व्हच्या दोन टोकांवर येऊन भिडतात. वेगाचा दाब वरचढ ठरला की वरचा गिअर पडतो, ॲक्सिलरेटरचा ठरला की खालचा. पुढच्या काळात हा निवाडा संगणकाकडे गेला आणि सोलेनॉइड नावाच्या विद्युत वॉल्व्हांकरवी त्याचा अंमल होऊ लागला.

म्हणजे या पेटीत तेल हेच बळ, तेच वंगण, तेच शीतक आणि तेच हुकूम पोचवणारे. म्हणून तपासाची पहिली पायरी डिपस्टिक. ज्या गाड्यांना डिपस्टिक नाही, त्यांत पेटीच्या अंगावरचा पातळीचा बोल्ट. पातळी पाहण्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी. कोणी इंजिन चालू ठेवून पाहण्यास सांगते, कोणी बंद केल्यावर लगेच. मात्र पेटी कंपनीने सांगितलेल्या तापमानाला आलेली आणि जमीन सपाट हवी, याबाबत मतभेद नाही. तेल कमी झाले की पंप हवा ओढतो, दाब पडतो, ‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी विचार करत बसते आणि चढावर इंजिन नुसतेच ओरडते. अधिक भरले तर फिरत्या भागांनी घुसळून त्याचा फेस होतो आणि फेसालाही दाब धरवत नाही, म्हणून लक्षणे तीच. नवे तेल बहुधा तांबडे आणि पारदर्शक असते. तपकिरी झाले तर ते थकले असे समजावे. काळे पडून करपल्याचा वास आला तर प्लेटी जळाल्या. पांढऱ्या फडक्यावर थेंब टाकून बोटांत चोळावा: काळी बारीक भुकटी अस्तराची, चमकणारे कण धातूचे. तेल मात्र त्या गाडीच्या पुस्तकात लिहिले असेल तेच हवे. घर्षणाचा गुण जुळला नाही तर नवेकोरे, महागडे तेलही गाडीला झटके मारायला लावते, आणि ‘लाल ते सगळे सारखे’ या समजुतीने आजवर अनेक पेट्या बिघडल्या आहेत.

कोडोलीतल्या एका गॅरेजात पाहिलेला तपास मला अजून आठवतो. गाडी जपानी बनावटीची, नव्वदच्या दशकातली सेडान. मालक निवृत्त शिक्षक. गाडी तापली की शेवटचा गिअर पडत नाही, ‘डी’ला टाकताना दणका बसतो आणि डॅशबोर्डवरचा ‘डी’चा दिवा लुकलुकतो, ही त्यांची फिर्याद. शहरात त्यांना पेटी बदलण्याचा सल्ला मिळाला होता. मिस्त्रीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “गुरुजी, खोलायची घाई नको. आधी ऑइल बघूया, मग वायर बघूया, मग बोलूया.” तेल तपकिरी होते पण करपलेले नव्हते, आणि पातळी किंचित खाली. मग त्याने डॅशबोर्डखालच्या दोन पिनांच्या जोडात तारेचा तुकडा घातला, किल्ली फिरवली आणि दिव्याच्या चमका मोजल्या. सात चमका, विराम, पुन्हा सात. त्या काळच्या काही जपानी गाड्या आपला दोष असा दिव्याच्या उघडझापीतून सांगतात. इथे सातचा अर्थ गिअर बदलणारा पहिला सोलेनॉइड. नवा सोलेनॉइड मागवण्याचा मोह अशा वेळी कोणालाही व्हावा. त्याने आधी मीटर लावला. सोलेनॉइडचा रोध १८ ओहम भरला, म्हणजे तो शाबूत. मग मीटरचे एक टोक संगणकाच्या बाजूला नेले, तर मीटर हलेना. बॅटरीच्या ट्रेखालून जाणाऱ्या वायरच्या वळणावर, वरून धड दिसणाऱ्या आवरणाच्या आत, ॲसिडने तांबे खाऊन हिरवी पूड केली होती. वीतभर नवी वायर, डाग दिलेले दोन सांधे, साफ केलेला जोड. आणि तेल एकदम न बदलता थोड्या-थोड्या दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने बदलले, कारण खालचा बोल्ट सोडल्यावर निम्म्याहून कमीच तेल बाहेर येते, उरलेले कन्व्हर्टरमध्ये राहते.

या तपासात मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. सांकेतिक क्रमांक कोणता भाग बिघडला हे सांगत नाही, कोणत्या वाटेवर शोधावे एवढेच सांगतो. त्या वाटेवर तार, जोड, अर्थिंग आणि शेवटी तो भाग. बॅटरी क्षीण असली किंवा इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली असली, तरी संगणक गोंधळून पेटीला एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो, आणि बघणाऱ्यास वाटते दाते तुटले. संगणकपूर्व अनेक गाड्यांत ॲक्सिलरेटर किती दाबला हे पेटीला कळवण्याचे काम तिथपर्यंत गेलेली केबल करते. ती सैल झाली तर गिअर लवकर आणि ढिले पडतात, ताणली गेली तर उशिरा आणि दणका देऊन. इंजिनाची झडतीही टाळता येत नाही. एक प्लग चुकत असेल किंवा थ्रॉटलचा सेन्सर खोटी वर्दी देत असेल, तर पेटी त्या वर्दीबरहुकूम चुकीच्या वेळी गिअर टाकते. दोष मात्र तिच्या माथी येतो.

इतके करूनही गाडी घसरत असेल तरच दाबाचा मीटर लावावा आणि स्टॉल टेस्ट करावी. चाकांना ओट लावून, ब्रेक पूर्ण दाबून, ‘डी’मध्ये ॲक्सिलरेटर तळाशी नेला असता इंजिन जितके फेरे गाठते, ते पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहायचे. फेरे अधिक भरले तर प्लेटी घसरतात. कमी भरले तर इंजिन दुबळे, किंवा स्टेटरचा एकमार्गी क्लच निकामी. पाच सेकंदांपेक्षा अधिक काळ ही परीक्षा कदापि करू नये. त्या अवधीत इंजिनाची सारी शक्ती तेल तापवण्यातच खर्ची पडत असते. प्लेटी खरोखरच गेल्या असतील तर पेटी उघडावी. सील आणि प्लेटींचा संच पुण्या-मुंबईहून मागवता येतो, आणि झिजलेले बुश कातून देणारे कारागीर कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहेत. ऑटोमॅटिक काढून हाताच्या गिअरची पेटी बसवून घेणे मात्र मला पटत नाही. पेडल, फ्लायव्हील, एक्सल, वायरिंग, संगणक असे सगळेच बदलत जाते, आणि ज्या गुडघ्यासाठी गाडी घेतली तो गुडघा पुन्हा क्लचवर येतो.

आपल्या भागात या पेटीचे सर्वांत मोठे नुकसान होते ते टोचनाने. गाडी बंद पडली की ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेण्याची सवय सर्वांच्या अंगवळणी पडलेली. ऑटोमॅटिकच्या बाबतीत ती घातक आहे, कारण तेलाचा पंप इंजिनावर चालतो आणि इंजिन बंद असता चाके फिरली तर आतले दाते कोरडेच फिरतात. धक्का मारून ती सुरूही होत नाही. चालती चाके जमिनीवरून उचलून, अथवा गाडी सबंध ट्रकवर चढवूनच न्यावी.

दुसरा शत्रू पुराचे पाणी. हवेसाठी ठेवलेल्या छिद्रातून ते पेटीत शिरले, किंवा रेडिएटरमधली तेलाची नळी आतून फुटली, की तेल दुधाळ गुलाबी होते, आणि त्या पाण्याने प्लेटींच्या अस्तराचा गोंद सुटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कोल्हापूर-सांगलीत कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या, आणि त्यांतल्या काही धुऊन-पुसून बाजारात आल्या. तेव्हा या भागात जुनी ऑटोमॅटिक घेणाऱ्यांस एवढीच विनंती: गाडी थंड असताना जावे, मालकाने ती आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जावे, डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर पुसून पाहावी, ब्रेकवर पाय ठेवून ‘एन’मधून ‘डी’त आणि ‘आर’मध्ये टाकावे, आणि गिअर धरायला दीड सेकंदाहून अधिक वेळ लागला तर बयाणा देऊ नये.