पाहुण्याने आणलेली खुंटी

आतड्यात तग धरून राहणे जिवाणूला सोपे नसते, हे आधी ध्यानात घ्या. आतड्याची हालचाल अखंड चालू, वरून अन्नरसाचा लोंढा, अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर. धरायला काही सापडले नाही तो वाहून जातो. म्हणूनच रोगकारक जिवाणूंपैकी पुष्कळांच्या पृष्ठभागावर पकड घेणारी प्रथिने असतात, आणि ती आपल्या पेशींवरील ठराविक जागा धरतात. या जागेला ग्राही म्हणतात. शाळेत आपण हे कुलूप-किल्लीच्या उपमेने शिकलो. उपमा चुकीची नाही; पण आज ज्याची हकीकत सांगायची आहे त्याला ती पुरत नाही.

ई. कोलाय आपणा सर्वांच्याच आतड्यात नांदतो आणि बहुधा उपद्रव देत नाही. मात्र १९४५ साली जॉन ब्रे यांनी लंडनजवळच्या एका रुग्णालयातील तान्ह्या मुलांच्या उन्हाळी अतिसाराशी त्याच्या एका विशिष्ट वाणाचा संबंध दाखवला. त्या काळी अशा अतिसारात पुष्कळ बालके दगावत.

या वाणाच्या अंगावर इंटिमिन नावाचे प्रथिन असते. ते आतड्याच्या पेशीवरील एका प्रथिनाला घट्ट धरते, हे कळले होते. धरले जाणारे ते प्रथिन अर्थातच आपले, असे संशोधक धरून चालले. पेशी आपली, मग तिच्यावरची खुंटीही आपलीच असणार! १९९७ साली ब्रेंडन केनी, ब्रेट फिन्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात दाखवून दिले, की ती खुंटी जिवाणूचीच आहे. तिचे नाव टिर.

जिवाणू आधी केसासारख्या तंतूंनी पेशीला सैलसा चिकटतो. मग सुईसारख्या सूक्ष्म नळीतून टिर पेशीच्या आत सोडतो. टिर पेशीच्या आवरणात असे बसते, की त्याचा मधला भाग बाहेर डोकावतो आणि दोन्ही टोके आत राहतात. बाहेरचा भाग इंटिमिन पकडते. पाहुण्याने स्वतःची खुंटी आणून यजमानाच्या भिंतीत ठोकावी, तसाच हा प्रकार.

पुढची गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते. टिरच्या आतल्या टोकावर आपल्याच पेशीची विकरे फॉस्फेट जोडतात. त्या खुणेने पेशीतील ॲक्टिनचे तंतू तिथे गोळा होतात आणि जिवाणूखाली चक्क एक चौथरा उभा राहतो. म्हणजे खुंटी त्याची, पण चौथऱ्याचा चुना-विटा आपल्या. या उलाढालीत पेशीवरचे अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर नाहीसे होतात, आणि बाळाला जुलाब सुरू होतात.

दोन वर्षांखालील मुलांना या वाणाचा धोका अधिक. ब्राझील व मेक्सिकोतील मातांच्या दुधात इंटिमिनविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली आहेत, आणि दुधातील प्रतिद्रव्यांमुळे हा जिवाणू पेशींना चिकटू शकत नाही, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. जिवाणू मरत नाही; त्याला धरताच येत नाही, आणि तो वाहून जातो.