आनुवंशिक कर्करोगाची जोखीम आणि कुटुंबाचे आधार

कर्करोग पेशींतील जनुकांच्या बिघाडातून होत असला, तरी बहुतेक रुग्णांत हा बिघाड वाढते वय, तंबाखू, किरणोत्सर्ग अशा कारणांनी आयुष्याच्या ओघात एखाद्या अवयवाच्या पेशींपुरताच घडतो आणि पुढच्या पिढीत उतरत नाही. सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत मात्र सदोष जनुक जन्मापासूनच शरीरातील सर्व पेशींत असते, आणि अशा बहुतेक प्रकारांत ते जनुक बाळगणाऱ्या आईकडून किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. या वारशाने कर्करोग होण्याचा धोका वाढतो, तो होणारच असे ठरत नाही. म्हणून रोग होण्याआधीच्या काळात कुटुंबाला पुष्कळ काही करता येते.

या जनुकांपैकी सर्वाधिक परिचित दोन म्हणजे बीआरसीए १ आणि बीआरसीए २. अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये पहिल्याचे स्थान सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले, १९९४ मध्ये ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले आणि दुसऱ्याचा शोध १९९५ मध्ये लागला. पेशीतील डीएनएचे तुटलेले धागे दुरुस्त करणे हे या जनुकांचे काम असून, त्यात हानिकारक बदल असलेल्या स्त्रियांना वयाच्या ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका ७० टक्क्यांच्या आसपास, तर अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका पहिल्या जनुकाबाबत सुमारे ४४ आणि दुसऱ्याबाबत सुमारे १७ टक्के असल्याचे मोठ्या पाहणीत आढळले आहे. लिंच सिंड्रोम या दुसऱ्या महत्त्वाच्या प्रकारात डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका सुधारणारी जनुके निकामी होतात, आणि मोठे आतडे व गर्भाशयाचे अस्तर यांचा कर्करोग तरुण वयात उद्भवतो.

अशा कुटुंबाचे पहिले साधन कोणत्याही प्रयोगशाळेत नसून घरच्यांच्या आठवणीत असते. आई आणि वडील या दोन्ही बाजूंच्या किमान तीन पिढ्यांत कोणाला, कोणत्या अवयवाचा आणि कोणत्या वयात कर्करोग झाला याची नोंद असलेली वंशावळ तयार झाली, की पन्नाशीच्या आतील रुग्ण, एकाच व्यक्तीला झालेले दोन वेगळे कर्करोग, दोन्ही स्तनांतील गाठी, पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग किंवा कोणत्याही वयातील अंडाशयाचा कर्करोग या खुणा नजरेत भरतात. स्तनाचा कर्करोग ‘आईकडूनच येतो’ हा समज इतका रुजलेला आहे, की आत्या, आजी किंवा चुलत बहिणी यांचे आजार सांगितलेच जात नाहीत. वास्तविक बीआरसीएमधील दोष वडिलांकडूनही तितक्याच सहजपणे येतो आणि स्वतः वडील आयुष्यभर निरोगी राहू शकतात. घरातील माणसे थोडी असली, किंवा एखाद्या आजीच्या मृत्यूचे कारण ‘पोटाचे दुखणे’ एवढेच सांगितले जात असले, तर वंशावळ निर्धास्त वाटली तरी तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

ही वंशावळ वाचून धोक्याचा अंदाज बांधणारा, चाचणी योग्य आहे की नाही हे सांगणारा आणि निकालाचा अर्थ उलगडून दाखवणारा तज्ज्ञ म्हणजे जनुकीय समुपदेशक. मुंबईच्या परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय आणि खारघर येथील त्याच संस्थेचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे संशोधन केंद्र येथे हे काम चालते. शक्यतो ज्या व्यक्तीला कर्करोग झालेला आहे तिचीच चाचणी आधी केली जाते, कारण तिच्यात दोष नेमका सापडला, की इतर नातेवाइकांत तेवढाच बदल शोधावा लागतो आणि खर्चही बराच कमी होतो. शिवाय त्यांचा नकारात्मक निकाल मग खात्रीचा ठरतो. काही वेळा ‘महत्त्व अनिश्चित’ असा बदल आढळतो, म्हणजे तो हानिकारक आहे की निरुपद्रवी हे आजच्या ज्ञानातून ठरत नाही. जगातील जनुकीय नोंदींत भारतीयांचे प्रमाण कमी असल्याने आपल्याकडे असा निकाल अधिक वेळा येतो, आणि केवळ त्याच्या आधारे अवयव काढण्याची शस्त्रक्रिया करणे चुकीचे आहे. घरी लाळ घेऊन करायच्या चाचण्यांबाबतही सावध राहावे. अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळालेली अशी एक चाचणी बीआरसीएमधील हजारो बदलांपैकी, मुख्यतः अश्केनाझी ज्यूंमध्ये आढळणारे, केवळ तीन बदल तपासत होती.

दोष निश्चित झाल्यावर पुढची वाट बरीच स्पष्ट असते. बीआरसीएमध्ये हानिकारक बदल असलेल्या स्त्रियांसाठी पंचविशीपासून स्तनांचे एमआरआय, पुढे मॅमोग्राफी, आणि मुले झाल्यानंतर पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान अंडाशय व अंडनलिका काढण्याचा विचार सुचवला जातो. लिंच सिंड्रोममध्ये तरुणपणापासून एक-दोन वर्षांच्या अंतराने आतड्याची दुर्बिणीने तपासणी केली, तर कर्करोग बनण्यापूर्वीच मांसल कोंब काढून टाकता येतात. आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाच्या कुटुंबात तान्ह्या बाळापासून तपासणी सुरू करावी लागते. मात्र प्रौढपणी होणाऱ्या कर्करोगांसाठी अठरा वर्षांखालील मुलांची चाचणी सहसा केली जात नाही, कारण तो निर्णय त्यांनी पुढे स्वतः घ्यायचा असतो.

सर्वांत बिकट भाग घरातल्या मौनाचा आहे. मुलीचे लग्न ठरताना अडचण येईल, सासरी बोलणी ऐकावी लागतील, या भीतीने कर्करोगाचा इतिहास दडवला जातो. ही भीती खोटी नाही, पण दडवल्याने धाकट्या बहिणीची तपासणी राहून जाते, आणि ही हानी अधिक मोठी आहे. निकाल जाणून घ्यायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक प्रौढ नातेवाइकाचा आहे. तो बजावता यावा म्हणून धोका आहे एवढी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचणे आवश्यक ठरते. समुपदेशकाकडून नातेवाइकांना देण्याजोगे पत्र मागून घेता येते, त्यामुळे अवघड गोष्ट तोंडाने सांगण्याचा भार हलका होतो. विम्याबाबत विमा नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये केवळ आनुवंशिक विकाराचे कारण देऊन आरोग्य विम्याचे दावे नाकारू नयेत, असे कंपन्यांना बजावले आहे. मानसिक आधार आणि माहितीसाठी मुंबईत १९५१ पासून कार्यरत असलेली इंडियन कॅन्सर सोसायटी आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये स्थापन झालेली ‘फोर्स’ ही संस्था तर अशा जोखमीच्या कुटुंबांसाठीच काम करते.

ज्या घरात पन्नाशीच्या आत कोणाला कर्करोग झाला असेल, त्या घराने वडीलधारी माणसे सोबत असतानाच त्यांच्याकडून दोन्ही बाजूंची माहिती लिहून घ्यावी, रुग्णाचे बायोप्सी अहवाल आणि जनुकीय चाचणीची प्रत जपून ठेवावी, आणि ते सर्व घेऊन जनुकीय समुपदेशकाची भेट घ्यावी.