तेरा चाव्यांचे वाद्य

वऱ्हाडातील वरातीत ढोल आणि ट्रंपेट यांच्या गजरातून गाण्याची मूळ चाल ज्या सरळ, काळ्या वाद्यातून ऐकू येते, त्याला पुष्कळ जण सरसकट पिपाणी म्हणतात. ते क्लॅरिनेट होय. जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या योहान ख्रिस्तोफ डेनर या कारागिराने १७०० च्या सुमारास ते घडविले, आणि ब्रिटिश पलटणींच्या बँडबरोबर ते आपल्याकडे रुजले. मास्टर इब्राहिम यांनी त्यावर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका आमच्या आधीच्या पिढीने आवडीने ऐकल्या, रायचूरचे पं. नरसिंहलू वडवाटी यांनी त्यावर हिंदुस्थानी राग मांडले. माझा अधिकार एवढा नाही. अमरावतीत बँकेची नोकरी सांभाळून चाळीसेक वर्षे हे वाद्य वाजविले, इतकेच.

बासरीत फुंकेचा जोर वाढविला की त्याच बोटांवर वरच्या सप्तकातील तोच स्वर मिळतो. क्लॅरिनेट तसे सरळ नाही. अंगठ्याची चावी दाबली की षड्जाच्या बोटांवर तारसप्तकातील पंचम उमटतो. त्यामुळे दोन सप्तकांची बोटे निराळी, आणि प्रत्येक राग जणू दोनदा शिकावा लागतो. मींड घ्यावयाची तर छिद्रावरून बोट हलकेच सरकवून ओठाचा दाब सैल करावा लागतो. हे सारे मला बँडमधील एका वृद्ध वादकाने कागदावर एक अक्षरही न लिहिता शिकविले.

व्यापारी घरातील मुलाने वरातीचे वाद्य हाती घ्यावे, हे नातलगांना रुचले नाही. तो भाग सोडून देऊ. आजोबांचा प्रश्न मात्र निराळा होता: ‘यात चामडे आहे काय?’

होते. माझे वाद्य जुन्या तेरा चाव्यांच्या रचनेचे. ही रचना इव्हान म्युलर याने १८१२ च्या सुमारास रूढ केली आणि छिद्रे घट्ट बंद व्हावीत म्हणून चाव्यांखाली मऊ चामड्याच्या गाद्या बसविल्या. पुढे लोकरीच्या नमद्यावर पातळ पापुद्रा चढविलेल्या गाद्या आल्या. बाजारात त्या पापुद्र्याला माशाची कातडी म्हणतात. प्रत्यक्षात तो बहुधा गुरांच्या आतड्याचा असतो. भजनातील ढोलकीचे चामडे सर्वांना दिसत असे, त्याविषयी कोणी विचारीत नसे. पण आजोबांचे म्हणणे स्पष्ट होते. जुने आहे ते राहू द्यावे, नवे आपल्या पैशाने घेऊ नये. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसास हा हिशेब आजही चोख वाटतो. मागणी कोण करतो, यावरच पुरवठा ठरतो.

उपाय बुचाच्या झाडात सापडला. पोर्तुगाल-स्पेनमध्ये या झाडाची साल साधारण नऊ वर्षांनी एकदा काढतात. झाड तोडावे लागत नाही. वरच्या भागातील लहान छिद्रांवर बुचाच्या गाद्या उत्तम बसल्या. खालच्या मोठ्या छिद्रांवर मात्र बूच कडक पडते आणि कड किंचित जरी असमान असली तरी हवा निसटते. मंद्रातील स्वर घोगरे येत. चार-पाच वर्षे मी तसेच वाजविले, आणि ऐकणाऱ्यांनी ते सोसले! पुढे कृत्रिम पदार्थाच्या गाद्या मिळू लागल्या, तेव्हा मंद्र सप्तक मोकळे झाले. आजोबा तोवर नव्हते.

वऱ्हाडी उन्हाळा हा लाकडी वाद्याचा दुसरा वैरी. पारा ४५ अंशांकडे गेला की लाकडाला चीर पडण्याची भीती. यावर जगभरचे वादक पेटीत संत्र्याची ताजी साल ठेवतात, म्हणजे ओलावा टिकतो. वरूड-मोर्शीच्या संत्र्यांच्या जिल्ह्यात ही सोय घरचीच. साल मात्र रोज बदलावी. सडली की त्यात जीव पडतात.

आता अडचण वाद्याची नाही, तोंडाची आहे. वादनात वरचे दात मुखाग्रावर टेकतात, आणि माझे पुढचे दोन गेले. कवळी लावून फुंकले की ती हलते. म्हणून दोन्ही ओठ आत दुमडून वाजविण्याची जुनी रीत साठी उलटल्यावर नव्याने शिकलो. स्वर मऊ येतो, दम पुरतो. परंतु ओठ पंधरा मिनिटांत थकतात. महावीर जयंतीच्या शोभायात्रेत चालत वाजविणे त्यामुळे थांबले आहे. सायंकाळी आरतीनंतर एक भजन तेवढ्या वेळात पुरते होते.