टर्बो गाडीत सीसी वाढवले की ताकद वाढते का? सुप्रा आणि जीटी-आरच्या इंजिनांत दडलेलं उत्तर

जपानी गाड्यांच्या कुठल्याही रीलच्या कमेंट्स उघडा, एक भांडण हमखास सापडतं. टोयोटा सुप्रा भारी की निसान स्कायलाईन जीटी-आर? सुप्रावाले म्हणतात, आमचं इंजिन तीन लिटरचं. जीटी-आरवाले म्हणतात, आमचं २.६ लिटरचं असलं तरी आठ हजार आरपीएमपर्यंत पळतं. भांडण सीसीचं वाटतं, पण दोन्ही बाजू ज्या आकड्याबद्दल बोलत असतात तो आहे स्ट्रोक.

स्ट्रोक म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये वरपासून खालपर्यंत जेवढं अंतर कापतो ते. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर. या दोन मापांवरून एका सिलिंडरचं आकारमान निघतं, त्याला सिलिंडरच्या संख्येने गुणलं की झाले सीसी.

आता बघा. सुप्राचं २जेझेड इंजिन, बोअर ८६ मिलीमीटर, स्ट्रोक ८६, एकूण २९९७ सीसी. जीटी-आरचं आरबी२६, बोअर तोच ८६, स्ट्रोक ७३.७, एकूण २५६८ सीसी. टोयोटाचंच धाकटं १जेझेड, बोअर परत ८६, स्ट्रोक ७१.५, एकूण २४९२ सीसी. तिन्ही सहा सिलिंडरची, तिन्ही टर्बोवाली. व्यास सारखा, फरक फक्त पिस्टनच्या प्रवासात. कागदावर तिघांचीही ताकद २८० पीएस, पण त्यावर जाऊ नका. त्या काळी जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की जाहीर आकडा २८०च्या वर न्यायचा नाही.

पिस्टन खालीवर करताना दर फेरीत दोनदा थांबतो आणि पुन्हा वेग घेतो. हा वेग फार वाढला की कनेक्टिंग रॉडवरचा ताण वाढतो आणि शेवटी काहीतरी तुटतं. आठ हजार आरपीएमला आरबी२६च्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १९.७ मीटर असतो. २जेझेडचा स्ट्रोक लांब, त्यामुळे तोच वेग तिथे साधारण ६८५० आरपीएमलाच गाठला जातो.

आता हवेचा हिशोब करू. इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीइतकी हवा ओढतं. आठ हजार आरपीएमला आरबी२६ मिनिटाला जवळपास १०,२७० लिटर हवा ओढेल. ६८५० आरपीएमला २जेझेड किती ओढेल? तेवढीच, जवळपास १०,२६५ लिटर. हा योगायोग नाही. बोअर सारखा आणि पिस्टनचा वेग सारखा असेल, तर हवाही सारखीच जाणार. टर्बोचा दाब दोन्हीकडे सारखा ठेवला तर जळणारं इंधन सारखं आणि कमाल ताकदही साधारण सारखी. म्हणजे ४२९ सीसी जास्त असूनही शेवटचा आकडा फारसा हलत नाही.

मग लांब स्ट्रोकने मिळतं काय? तीच ताकद कमी आरपीएमला मिळते. टर्बो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर. समजा एखादा टर्बो २.६ लिटरच्या इंजिनावर चार हजार आरपीएमला पूर्ण जागा होतो. तोच टर्बो तीन लिटरवर अंदाजे ३४०० ते ३५००लाच जागा होईल, कारण तिथे तेवढे वायू आधीच बाहेर पडू लागतात. आणि टर्बो झोपलेला असताना, ट्रॅफिकमध्ये दोन हजार आरपीएमला, मोठं इंजिन साधारण सहाव्या हिश्श्याने जास्त टॉर्क देतं. रोज चालवायच्या गाडीत हे सुख कमाल ताकदीपेक्षा जास्त वेळा अनुभवायला येतं.

कंपन्यांचे आकडेही हेच सांगतात. १९८९च्या आर३२ जीटी-आरचा कमाल टॉर्क ३५३ न्यूटन मीटर, ४४०० आरपीएमला. १९९३च्या सुप्राचा ४३१, तोही ३६००लाच. अर्थात सुप्रात दोन टर्बो एकामागून एक जागे होतात, त्यामुळे सगळं श्रेय स्ट्रोकला देता येणार नाही.

किंमतही मोजावी लागते. टॉर्क वाढला की क्लच आणि गिअरबॉक्सवरचा भार वाढतो. रॉडची लांबी तीच ठेवून स्ट्रोक वाढवला, तर रॉड जास्त तिरका होतो आणि पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर जास्त घासतो. त्यापेक्षा बोअर वाढवावा, असं वाटू शकतं. पण तिथे भिंती पातळ होतात, आणि रुंद सिलिंडरमध्ये ज्योतीला कडेपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तोवर उरलेलं मिश्रण आपोआप पेटलं तर नॉकिंग होतं. टर्बो इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू तोच.

म्हणून इंजिन बांधताना सीसीपासून सुरुवात करणं उलटं ठरतं. आधी किती ताकद हवी ते ठरवावं, त्यावरून टर्बो. मग तो किती आरपीएमला जागा झालेला चालेल ते बघावं, त्यावरून सीसी. फक्त सरळ रेषेत पळवायची गाडी असेल आणि इंजिन कायम वरच्या आरपीएमला राहणार असेल, तर महागडं स्ट्रोकर किट टाकून फार काही हाती लागत नाही. घाटात वळणावर गाडी पडून पुन्हा उठायची असेल, तर लागतं.

मग निसानने २.६ लिटरच का निवडलं? त्यांना ग्रुप ए शर्यती जिंकायच्या होत्या. तिथे टर्बो गाडीचे सीसी १.७ने गुणले जात. २५६८चे होतात ४३६६, म्हणजे ४५०० सीसीच्या गटात बसले. तीन लिटरचं इंजिन ५१००च्या आसपास गेलं असतं आणि वरच्या गटात गाडी जास्त जड ठेवणं बंधनकारक होतं. (आपल्याकडेही नियमच आकडा ठरवतो. चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीला १२०० सीसीपर्यंतच कमी कर लागतो, त्यामुळे नेक्सॉनचं टर्बो इंजिन ११९९वर थांबतं ते उगाच नाही.) निसानचा हिशोब जमला. १९९० ते १९९३ दरम्यान जपानच्या ग्रुप ए मालिकेतल्या सगळ्या २९ शर्यती आर३२ जीटी-आरने जिंकल्या.

पुढे ते नियम गेले. निसानच्याच निस्मो विभागाने आर३३वर आधारलेली ४००आर ही रस्त्यावरची गाडी काढली, तेव्हा बोअर ८७ आणि स्ट्रोक ७७.७ केला. इंजिन झालं २७७१ सीसीचं.