पोपटीतला वाल आणि कॅप्सूलमधले जिवाणू

भातकापणी उरकली की रायगड जिल्ह्यातल्या खांब, कोलाड, नागोठणे पट्ट्यात शेतातल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाल उभा राहतो आणि शेंगा भरल्या की पोपट्या लागतात. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी, मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. त्यात ओवा कशाला, हे वाल खाणाऱ्याला सांगावं लागत नाही.

वालात रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा असतात. त्या तोडणारं विकर आपल्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. हा वायू म्हणजे काही आजार नव्हे.

काहींच्या पोटात मात्र वाल न खाताही दर आठवड्याला कळ येते, शौचाचं तंत्र बिघडतं, महिनोन्‌महिने हे चालतं आणि तपासण्यांत काही सापडत नाही. हा इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस. १९७३ साली ब्रिटनमध्ये रिची या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या मोठ्या आतड्यात छोटा फुगा फुगवून पाहिला. फुगा तेवढाच, पण निरोगी माणसांपैकी मोजक्यांनाच दुखलं, रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना. म्हणजे वायू तोच असला, तरी त्याची वर्दी देणाऱ्या नसा फार हळव्या.

अशा पोटावर औषधाच्या दुकानातून हमखास हाती येतं ते प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंची कॅप्सूल. जितके कोटी जिवाणू, तितकी किंमत जास्त. या हिशेबाला २००६ साली एका चाचणीत गमतीदार तडा गेला. आयबीएस असलेल्या ३६२ स्त्रियांना बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिसचा ३५६२४ हा वाण तीन मात्रांत दिला: १० लाख, १० कोटी आणि १,००० कोटी जिवाणू. जिवाणू नसलेल्या दिखाऊ कॅप्सूलपेक्षा सरस ठरली ती मधली मात्रा. सर्वात मोठ्या मात्रेची कॅप्सूल ओलाव्यात डिंकासारखी घट्ट होत होती. जिवाणू बाहेर पडणारच कसे?

म्हणून एका वाणाचा, एका मात्रेचा गुण दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही. तज्ज्ञांचंही एकमत नाही. २०२१ मध्ये अमेरिकी पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आयबीएससाठी प्रोबायोटिक्स सुचवू नयेत असं म्हटलं, तर त्याच वर्षी ब्रिटिश तज्ज्ञांनी १२ आठवड्यांपर्यंत घेऊन पाहा, फरक नसेल तर बंद करा, असं सांगितलं. मला ब्रिटिश सल्ला व्यवहारी वाटतो, कारण त्यात थांबायची तारीख आहे. वर्षानुवर्षं सवयीने कॅप्सूल गिळणारे आपल्याकडे कमी नाहीत.

घरचं दही? जरूर खावं. विरजताना दुधातली काही लॅक्टोज साखर आधीच मोडलेली असते, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांनाही ते पचतं. पण त्यात कोणता वाण, किती, हे घरोघरी वेगळं; त्याला आयबीएसचं औषध म्हणता येणार नाही.

शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, झोपेतून उठवणारा त्रास किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच बिघडलेलं पोट असेल, तर ओवा नको, कॅप्सूलही नको. थेट डॉक्टर गाठावा.