चाकांवरचे बिऱ्हाड

नवरात्राच्या दिवसांत सकाळच्या प्रहरी योगेश्वरीच्या देवळाच्या आवारात घटकाभर उभे राहिले, म्हणजे गुहागर, राजापूर, दापोली अशा दूरदूरच्या गावांहून कुलदेवीच्या दर्शनास आलेल्या कुटुंबांचे ते किंचित अनुनासिक, हेल काढून केलेले बोलणे कानांवर पडते. आणि समुद्रापासून इतक्या अंतरावर, बालाघाटच्या पठारावर वसलेल्या, निजामी अमदानीत मोमिनाबाद या नावाने दप्तरी नोंदल्या गेलेल्या आमच्या अंबाजोगाईचा कोकणाशी काय संबंध, असे विचारणाऱ्यास निराळे उत्तर देण्याची गरज उरत नाही. परशुरामाने कोकणात वसविलेल्या चित्पावनांसाठी येथील मुली मागितल्या आणि योगेश्वरीला कुलदेवता मानण्याच्या अटीवर येथील लोकांनी त्या दिल्या, अशी आख्यायिका आहे. ती इतिहास म्हणून कोणी मानू नये. परंतु माहेरच्या देवीकडे सासरच्या माणसांनी पिढ्यानपिढ्या यावे, ही वहिवाट मात्र प्रत्यक्ष आहे. गेल्या आश्विनात याच आवारात आमच्या सौभाग्यवतींनी प्रश्न केला, "ते सगळे इतकी वर्षं घाट चढून येतात, अहो, आपण एकदा तरी खाली उतरायला नको का?"

प्रश्नाचे मूळ देवळात नव्हते, मोबाइलमध्ये होते. चिरंजीव आणि सूनबाई कॅलिफोर्नियात असतात. त्यांनी त्याच सुमारास प्रशांत महासागराच्या काठाकाठाने आठ दिवस प्रवास केला, तोही ज्या मोटारीत निजण्याची, शिजवण्याची आणि स्नानाची सोय असते व जिला तिकडे आर.व्ही. म्हणतात अशा मोटारीतून. डावीकडे सोनेरी डोंगर, उजवीकडे निळा समुद्र, मध्ये रेशमासारखा रस्ता आणि गाडीच्या दाराशी कॉफीचे पेले हातांत घेऊन बसलेले ते दोघे, अशी छायाचित्रे रोज येत. कोकणाविषयी आम्ही उभयतांनी जे गैरसमज मनात बांधले, त्यांतील निम्म्यांचा उगम त्या छायाचित्रांत होता. उरलेले निम्मे आमच्या शेजाऱ्यांनी मोठ्या आस्थेने पुरविले.

अशाच गाडीतून, म्हणजे कॅरव्हानमधून, कोकणात उतरायचे आम्ही ठरविले, तेव्हा पहिला आक्षेप आला तो असा, की हे विलायती थेर आपल्याकडे चालायचे नाही. वास्तविक 'कॅरव्हान' हा शब्दच फारसी 'कारवान' युरोपात जाऊन परत आलेला. आणि हैदराबादेत व्यापाऱ्यांचे तांडे जेथे उतरत तो मोहल्ला आजही कारवान याच नावाने ओळखला जातो, हे मोगलाईत वाढलेल्या माणसास कोणी सांगावयास नको. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले असून, त्यात गाडीबरोबरच ती उभी करण्याच्या, पाणी आणि वीज पुरविणाऱ्या तळांचाही विचार आहे. धोरण आणि तळ यांत अंतर असते, हा भाग वेगळा.

दुसरा आक्षेप परवान्याचा. अशा गाडीस 'हेवी'चा परवाना लागतो, असे आमच्या गल्लीतील एका निवृत्त कारकुनाने इतक्या अधिकारवाणीने सांगितले की मी दोन दिवस गप्प बसलो. वस्तुस्थिती अशी, की साडेसात हजार किलोपर्यंत एकूण भार असलेली गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते. प्रवासी किंवा मालवाहू गाडीसही हेच लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला, आणि लहान कॅरव्हान बहुधा या मर्यादेच्या आतच असतात. याच्या अगदी उलट गैरसमज गॅरेजवाल्यांत आढळतो: जुन्या व्हॅनची आसने काढावीत, पलंग आणि शेगडी ठोकून बसवावी, की झाली कॅरव्हान! मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमान्वये नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून गाडीत असा फेरफार करता येत नाही, आणि असा फेरफार झालेल्या गाडीस अपघात झाल्यास विमा कंपनीपुढे आपली बाजू लंगडी पडते. आम्ही या फंदात न पडता चालकासह गाडी भाड्याने घेतली.

आता हवामानाकडे वळू. समुद्रकाठी गारवा असतो, ही आमची छायाचित्रजन्य समजूत. कॅलिफोर्नियाचा किनारा गार असतो याचे कारण समुद्राचे सान्निध्य हे नव्हे, तर उत्तरेकडून येणारा थंड प्रवाह आणि खोल पाण्यातून वर येणारे त्याहून थंड पाणी हे होय. चिरंजीव शालीत गुरफटून कॉफी पीत होते ते उगीच नव्हे. आपला अरबी समुद्र आश्विनात चांगलाच कोमट असतो, हवा बाष्पाने जड झालेली असते, घाम वाळत नाही, आणि पत्र्याच्या गाडीत रात्री दोन वाजताही पंखा फिरावा लागतो. आश्विनातली अंबाजोगाईची पहाट त्या मानाने किती सुखाची, हे आम्हांला गुहागरास कळले.

शरद ऋतूविषयीही असाच घोटाळा होतो. पाश्चात्त्यांचा हा ऋतू पानगळीचा, म्हणून कोकणात रंगीत पाने दिसतील असे वाटते. पण पानगळ आपल्या पंचांगात शिशिराची, आणि आश्विन-कार्तिकातला कोकण हा पिवळ्या पडत चाललेल्या भाताचा आणि अजून हिरव्या असलेल्या डोंगरांचा प्रदेश आहे. खुद्द कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरील रेडवूड वृक्षही सदाहरितच असतात. दिवाळीच्या सुटीत वेळासला कासवाची पिल्ले पाहू म्हणणाऱ्यांनी आणि हापूस चाखू म्हणणाऱ्यांनी अनुक्रमे फाल्गुनाची व वैशाखाची वाट पाहावी.

नारळी पौर्णिमा झाली, की दर्या शांत होतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. पावसाळी लाटांचा जोर ओसरतो हे खरे. परंतु अरबी समुद्रात वादळांचे हंगाम दोन, एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरा पाऊस परतल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले. २०१९ साली लक्ष्मीपूजनाच्या दिवशी 'क्यार' अरबी समुद्रात महाचक्रीवादळाच्या पदवीस पोहोचले होते. ते किनाऱ्यास न भिडता पश्चिमेकडे वळले, तरी त्याच्या पावसाने कापणीस आलेले भात आडवे केले. मॅगेलनने १५२० साली ज्या समुद्रास 'प्रशांत' म्हटले, तो तरी कुठे नावाला जागला आहे! निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा, आणि होड्या वर ओढलेल्या दिसल्या तर खात्याचीही वाट पाहू नये.

परंतु ज्या गैरसमजाने आमचा प्रवास खऱ्या अर्थाने घडविला, तो रस्त्याविषयीचा. रेवसपासून रेडीपर्यंत जाणारा सागरी महामार्ग, ज्याची कल्पना अंतुले मुख्यमंत्री असताना पुढे आली, तो समुद्राच्या काठाकाठाने अखंड धावत असावा, असे नकाशावरील रेघ पाहून वाटते. आंबा घाट उतरून आम्ही रत्नागिरीस पोहोचलो (मोठी गाडी घाट उतरणार नाही, ही भीतीही निराधार, जेथून एस.टी. आणि मालमोटारी जातात तेथून कॅरव्हान जाते), आणि दुसऱ्या दिवशी आरे-वारे येथे रस्ता खरोखरच समुद्राच्या डोक्यावरून जाऊ लागला, तेव्हा आमची समजूत खरी ठरल्याचा आनंद झाला. तो गणपतीपुळ्यापुढे मावळला. कोकणचा किनारा खाड्यांनी जागोजाग चिरलेला आहे. रस्ता समुद्र सोडून कातळाच्या सड्यावर चढतो, मैलोगणती जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून जातो, मग एखाद्या खाडीच्या मुखाशी उतरतो आणि तेथे चक्क संपतो. जयगडाहून तवसाळास शास्त्री नदीची खाडी ओलांडायची ती फेरीबोटीने. धोपाव्याहून दाभोळास वाशिष्ठीची खाडी ओलांडायची तीही फेरीबोटीनेच. त्याहून उत्तरेस बागमांडला-वेसवी आणि दिघी-आगरदांडा हे आणखी दोन उतार आहेतच. बोटीत बसगाडीही मावते, तेव्हा गाडी मोठी म्हणून अडचण येत नाही. अडचण येते ती ओहोटीच्या वेळी, कारण पाणी खाली गेले की धक्क्याची उतरण लांब आणि तीव्र होते, आणि मागचा भाग लांब असलेली गाडी बोटीच्या फळीवर घासते. आमच्या चालकाने जयगडास बोट एक खेप सोडून दिली, पाणी चढू दिले आणि मगच गाडी आत घातली. तो फारसा शिकलेला नव्हता, पण शहाणा होता.

यावरून कोणी कोकणच्या रस्त्यास नावे ठेवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे, की चिरंजिवांच्या छायाचित्रांतील तो रेशमी रस्ताही अखंड नाही. १९३७ साली खुल्या झालेल्या बिग सूरच्या त्या मार्गावर २०१७च्या मे महिन्यात मड क्रीक येथे अख्खा डोंगर समुद्रात उतरला, आणि रस्ता पूर्ववत होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. रस्ता तेथे डोंगर तोडतो, येथे खाडी तोडते. फरक इतकाच, की आपल्याकडच्या तुटलेल्या जागी चहाची टपरी असते.

हेदवी आणि वेळणेश्वर करून आम्ही कोजागिरीच्या संध्याकाळी गुहागरास पोहोचलो. कॅरव्हान म्हणजे वाटेल तेथे मुक्काम, हा गैरसमज तोवर शाबूत होता. वाळू कठीण दिसत होती, चंद्र माडांच्या वर येत होता, आणि गाडी पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलांवर उभी करून तेथेच दूध आटवावे, असा बेत सौभाग्यवतींनी मांडला. मी त्यास मान्यता दिली, हे नमूद करणे प्राप्त आहे. तेवढ्यात जाळे खांद्यावर टाकून चाललेला एक म्हातारा थांबला आणि म्हणाला, "भाऊ, आज पुनव. गाडी वर घ्या."

त्याने सांगितलेला हिशेब असा. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमा ही पंधरावी तिथी, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारी आणि रात्री सव्वाअकरा-बाराच्या सुमारास पाणी शिगेस पोहोचणार, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. दुसऱ्या पक्षात गणना पुन्हा एकपासून सुरू होते. शास्त्रही हेच सांगते: चंद्राच्या गतीमुळे भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी, म्हणजे जवळपास पाऊण तासाने, पुढे सरकते, आणि पौर्णिमा-अमावास्येस सूर्यचंद्रांचे आकर्षण एका रेषेत येत असल्याने उधाण येते. म्हणजे सारा महाराष्ट्र ज्या घटकेस चंद्राला दूध दाखवितो, नेमक्या त्याच घटकेस समुद्र पुळणीवर सर्वांत वर चढलेला असतो. इतकी वर्षे कोजागिरी करून ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि पठारावरच्या माणसास ती ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. आम्ही गाडी वर, एका वाडीच्या अंगणात, मालकाच्या इजाजतीने नेली. बारा वाजता पाहिले, तो आमच्या चाकांच्या खुणांवर फेस होता. वाळूत रुतलेल्या आणि भरतीत सापडलेल्या मोटारींच्या बातम्या कोकणातून वरचेवर येतात. त्यांतील चालक सारेच बेफाम असतात असे नाही, काहींनी केवळ पंचांग पाहिलेले नसते.

वाटेल तेथे मुक्काम न करण्याचे दुसरे कारण अधिक गद्य आहे. गाडीतील स्वच्छ पाण्याची टाकी दोन दिवसांत संपते, आणि सांडपाण्याची टाकी तितक्याच दिवसांत भरते. पहिली भरण्यास आणि दुसरी रिकामी करण्यास कोणाचे तरी अंगण, कोणाची तरी विहीर, कोणाचा तरी शोषखड्डा लागतो. स्वतःचे घर बरोबर घेऊन फिरणारा माणूस कोणावर अवलंबून नसतो, हा या वाहनाविषयीचा सर्वांत गोड गैरसमज. लॉजवर उतरलेला प्रवासी पैसे मोजून मोकळा होतो. आम्हांला मात्र रोज संध्याकाळी एका अपरिचित दारात उभे राहावे लागले. "कुठले तुम्ही?" असा प्रश्न येई, आणि अंबाजोगाईचे नाव घेताच दोन ठिकाणी तरी आतून म्हातारी बाहेर आली आणि तिने पाण्याआधी योगेश्वरीची चौकशी केली.

दाभोळ, दापोली, खेड करून कुंभार्ली घाटाने आम्ही कऱ्हाडास चढलो आणि पंढरपूरच्या रस्त्यास लागलो. दिवाळी चार दिवसांवर होती. समोरून ट्रॅक्टर येऊ लागले. एकामागून एक, मागे दोन दोन ट्रॉल्या, त्यांत पत्र्याच्या पेट्या, पाण्याच्या कळशा, कोपीचे बांबू, शेळ्या, कोंबड्या, आणि या सर्वांच्या वर बसलेली माणसे. आमच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या निघण्याचा हा हंगाम. या धंद्यात नवराबायकोच्या जोडीस एक 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची ती जोडीने आणि फेडायची तीही जोडीने. शरद ऋतूत जोडप्याने चाकांवर संसार घालून पश्चिमेकडे निघावे, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यास नवी आहे असे जो म्हणेल, त्याने दसऱ्यानंतर केजच्या रस्त्यावर एक संध्याकाळ उभे राहावे. आमच्या मनातला हा शेवटचा गैरसमज होता, आणि तो घरच्या माणसांविषयीचा होता, याची मला लाज वाटली.

एका पाणवठ्यावर आमची गाडी आणि त्यांतील एक ट्रॅक्टर शेजारी थांबले होते. सौभाग्यवतींनी हंडा भरीत असलेल्या एका बाईस विचारले, परत कधी येणार? "पट्टा पडल्यावर," ती म्हणाली. पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचे गाळप संपणे, आणि ते फाल्गुनाच्याही पुढे जाते. मग तिने आमच्या गाडीच्या उघड्या दारातून आतली शेगडी, टांगलेली भांडी आणि घडी घातलेली अंथरुणे नीट पाहून घेतली, आणि हसत विचारले, "अन् तुमी कोन्च्या कारखान्याला, बाई?"

"आम्ही घरी निघालोय," सौभाग्यवती म्हणाल्या, आणि तिचा हंडा उचलून देण्यास हात लावला.