सामाजिक गीतातील बोली: जमैका ते मराठवाडा

गेल्या सत्रात आमच्या एका विद्यार्थ्याने वऱ्हाडी बोलीतील एक रॅपगीत ऐकून त्याची संहिता लिहून आणली. अर्थ बिनचूक होता. परंतु वहीत मूळ बोली कोठेच उरली नव्हती. प्रत्येक ओळ त्याने प्रमाण मराठीत 'सुधारून' घेतली होती. या सुधारणेत काय हरवते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रॅपचे एक मूळ जमैकात सापडते. 1962 मध्ये स्वतंत्र झालेल्या या बेटावर शाळा व कचेरी यांची भाषा इंग्रजी होती, तर सामान्य लोकांची क्रिओल बोली अशुद्ध इंग्रजी म्हणून हिणवली जाई. स्थानिक मेंटो व स्का हे गीतप्रकार आणि अमेरिकन सोल संगीत यांच्या संस्कारातून तेथे रेगे जन्मास आले. 1968 मधील टूट्स अँड द मेटल्स या वृंदाच्या एका गीताने हे नाव रूढ केले. रेगेच्या 'वन ड्रॉप' या ठेक्यात चार मात्रांच्या आवर्तनातील पहिल्या मात्रेवरचा ढोलाचा आघात गाळतात आणि तिसरीवर देतात. आपल्या समेच्या जागी तेथे जणू मौन असते.

हीच उलटापालट शब्दांतही दिसते. जुलूम करणे या अर्थी इंग्रजीत 'ऑप्रेस' हे क्रियापद आहे. जमैकन उच्चारात त्याचा आरंभ 'अप', म्हणजे 'वर', असा ऐकू येतो. जुलूम तर माणसास खाली दाबतो! म्हणून रास्ताफारी पंथीयांनी 'डाउनप्रेस' हे रूप घडविले आणि पीटर टॉश याने 1977 मध्ये 'डाउनप्रेसर मॅन' या शीर्षकाचे गीत ध्वनिमुद्रित केले. ज्यांना अशुद्ध म्हटले गेले, त्यांनी शुद्ध शब्दाचीच झडती घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

किंग्स्टनमध्ये जन्मलेला डीजे कूल हर्क न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गेला. त्याने 1973 मध्ये तेथे भरविलेल्या मेजवानीपासून हिपहॉपचा आरंभ मानण्यात येतो. तबकडीच्या ठेक्यावर बोलत राहण्याची जमैकन रीत अशा रीतीने नव्या खंडात रुजली आणि कालांतराने मुंबईस पोहोचली. तेथील 'स्वदेसी' हा वृंद मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांतून गातो. त्याच्या 2019 मधील 'द वारली रिव्होल्ट' या गीतात आरे वसाहतीतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविली तेव्हा बहुतेक काम उरकले होते. ज्यांचे रान जाते त्यांचाच आवाज गीतात असावा, ही या वृंदाची भूमिका त्यातून दिसून येते.

आता विद्यार्थ्याच्या वहीकडे वळू. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. 'शाळा' ही 'शाया' होते. तेथे 'शाया' आणि 'वाया' यांचे यमक आपसूक जुळते. शाळा वाया गेल्याचे दुःख सांगणाऱ्या मुलाला हे यमक त्याच्या बोलीनेच दिलेले असते. 'शाळा' लिहिताच अर्थ राहतो, यमक मोडते. आमच्या मराठवाडी 'जायलो'चेही तसेच आहे. त्याचे 'जात आहे' केले की ओळ लांबते, आघात सरकतो व ठेका निसटतो. तात्पर्य, बोली हा गीतावर चढविलेला साज नव्हे. गीताची बांधणीच तिच्यावर उभी असते.

आपल्याकडे ही दृष्टी परकी नाही. सत्यशोधक व आंबेडकरी जलशांनी तमाशाचा लोकपरिचित घाट ठेवून त्यात नवा आशय भरला. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी स्थापिलेल्या लालबावटा कलापथकानेही लोकांच्याच भाषेत लोकांस गाठले. तथापि बोलीत गायिलेले प्रत्येक गीत सामाजिक ठरते असे नाही. बाजारही बोलीचा वापर करतोच. बोलीतून कोण बोलतो आणि कोणासाठी, हे पाहिलेच पाहिजे.

अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते. शके 1110 मधील 'विवेकसिंधू'त त्यांनी वेदान्तासारखा विषय मराठीत आणला, तो त्या काळी ज्ञानभाषा मानल्या गेलेल्या संस्कृतला बाजूस ठेवून. त्या गावात वाढलेल्या विद्यार्थ्याने आपल्या बोलीची लाज बाळगून वही 'शुद्ध' करावी, हा दोष त्याचा नाही. तो आमच्या अध्यापनाचा आहे. पुढील सत्रापासून संहिता प्रथम ऐकू येईल तशी लिहावी, प्रमाण रूप शेजारच्या रकान्यात द्यावे, अशी पद्धत आम्ही स्वीकारली आहे. त्या विद्यार्थ्याने आपली वही परत मागून नेली आहे.